प्रेअरीतून उन्हाळी मोटारप्रवास: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

शिकागोत वर्ष-दोन वर्षे काढलेल्या मराठी कुटुंबाची उन्हाळ्याची सुट्टी बहुधा यलोस्टोनची ठरते, आणि मग वाटेतले हजार-बाराशे मैल कसे उरकायचे याची चर्चा सुरू होते. तो मधला भाग रात्री गाडी चालवून संपवावा, तिथे पाहण्यासारखे काही नाही, असा सल्ला जाणकार हमखास देतात. हा लेख त्या मधल्या भागासाठीच लिहिला आहे. प्रेअरी म्हणजे अमेरिकेचा मध्यवर्ती गवताळ प्रदेश. तो ताशी ऐंशी मैलांच्या वेगाने काचेतून पाहिला तर खरोखरच काही दिसत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांचा रोख एकच आहे: दिवसाचे मैल कमी करावेत आणि मोठा महामार्ग सोडावा.

पहिली पायरी: वाट आखणे

पहिल्या खेपेला मी शिकागोपासून शिकागोपर्यंतची एक फेरी सुचवतो. नैऋत्येला कॅन्सस राज्यातील फ्लिंट हिल्स, तेथून उत्तरेला नेब्रास्कातील सँडहिल्स, पुढे साउथ डकोटातील बॅडलँड्स हे राष्ट्रीय उद्यान आणि परतीला इंटरस्टेट ९० हा आंतरराज्य महामार्ग अशी ही वाट आहे. सगळे मिळून सुमारे २,२०० ते २,४०० मैल होतात. यासाठी नऊ-दहा दिवस ठेवावेत. एका दिवसात तीनशे मैलांपेक्षा जास्त अंतर घेऊ नये; परतीच्या दोन-तीन दिवसांचाच याला अपवाद करावा. पुणे-मुंबईच्या हिशेबाने तीनशे मैल, म्हणजे जवळपास ४८० किलोमीटर, हे फार वाटतात. इथल्या मोकळ्या रस्त्यांवर ते पाच तासांत होतात आणि उरलेला दिवस थांबण्यासाठी हाती राहतो.

शिकागोतून निघाल्यावर तासाभरातच, जोलिएट शहराजवळ, मिडेविन हा राष्ट्रीय गवताळ प्रदेश लागतो. सैन्याच्या दारूगोळा कारखान्याची ही जुनी जमीन १९९६ सालच्या कायद्याने वनखात्याकडे आली, आणि २०१५ पासून तिथे बायसनचा, म्हणजे रानगव्याच्या अमेरिकी जातभाईंचा, एक लहान कळप आहे. इलिनॉय स्वतःला प्रेअरीचे राज्य म्हणवते, पण एकेकाळच्या दोन कोटी वीस लाख एकर गवताळ जमिनीपैकी मूळ स्वरूपातली जमीन एका टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाइतकीच उरली आहे. इथली काळी, चिकट माती लाकडी-लोखंडी नांगराला चिकटून बसत असे. १८३७ साली याच राज्यात जॉन डीअर या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर केला आणि पुढच्या दोन पिढ्यांत गवताच्या जागी मका आला. पहिल्या दिवशी दुतर्फा जे दिसते ते म्हणून प्रेअरी नव्हे, शेती आहे. ती तासन्‌तास पाहून कंटाळा आला तर त्यात चूक नाही. इंटरस्टेट ५५, मग ७२, आणि मिसिसिपी ओलांडल्यावर मिसूरी राज्यातून जाणारा यूएस ३६ अशा वाटेने हे अंतर दीड दिवसात पार करावे.

खरा मुक्काम फ्लिंट हिल्समध्ये. उंच गवताच्या प्रेअरीने एकेकाळी सुमारे सतरा कोटी एकर जमीन व्यापली होती. आज तिचा चार टक्क्यांहूनही कमी भाग शिल्लक आहे आणि त्यातला बराचसा याच टेकड्यांवर आहे. याचे कारण मातीच्या खाली आहे. चुनखडकाच्या थरांत गारगोटीसारखा कठीण चर्ट दगड भरलेला असल्यामुळे इथे नांगर चालला नाही, आणि जमीन गुराढोरांच्या चराईसाठी राहिली. स्ट्राँग सिटी या छोट्या गावाजवळचे टॉलग्रास प्रेअरी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र जवळपास अकरा हजार एकरांचे आहे आणि तिथे प्रवेशशुल्क नाही. १८८१ सालचे दगडी घर आणि तीन मजली गोठा पाहून थेट मागच्या टेकडीवरची पायवाट धरावी.

माझे वडील साताऱ्याहून आले होते तेव्हा त्यांना मी इथे आणले. ते पायवाटेच्या कडेला उकिडवे बसले, ओघळीने कापलेल्या काठातून बाहेर आलेली मुळे त्यांनी बोटांनी मोकळी केली आणि म्हणाले, "वर कमरेएवढं, आणि खाली बघ किती." बिग ब्लूस्टेम या गवताची मुळे आठ-दहा फूट खोल जातात. त्याच्या तुऱ्याला तीन फाटे असतात, त्यामुळे त्याला टर्कीचा पाय असेही म्हणतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने एवढे एक गवत ओळखता येईल अशी तयारी ठेवली तरी पुरे.

दुसरी पायरी: महिना ठरवणे

मार्च-एप्रिलमध्ये फ्लिंट हिल्समधले शेतकरी जुने गवत जाळतात. मे-जूनमध्ये ते हिरवेगार पण गुडघ्याएवढे असते, आणि पुरुषभर उंची पाहायची असेल तर ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबरचा आरंभ गाठावा लागतो. मे आणि जून हे टोर्नेडो जातीच्या चक्रीवादळांचे महिने, जुलै हा उन्हाचा. १०० अंश फॅरेनहाइट म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सियस. आपण विदर्भ पाहिला आहे, हे काय, असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की इथे सावलीला झाड नसते. मुलांच्या शाळा पाहता मी जूनचा दुसरा पंधरवडा निवडतो: दिवस मोठे असतात, रानफुले असतात आणि गारवा अगदीच संपलेला नसतो. ऑगस्टचा पहिला-दुसरा आठवडा मात्र टाळावा. त्या वेळी रॅपिड सिटीजवळ स्टर्जिस इथे मोटारसायकलवाल्यांचा मोठा मेळा भरतो, आणि त्या भागातल्या खोल्या एकतर मिळत नाहीत किंवा दुप्पट-तिप्पट भावाने मिळतात.

तिसरी पायरी: गाडी आणि कागदपत्रे

भारतातून आलेल्या पाहुण्याला गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना तिकडच्या आरटीओतूनच काढून आणावा. तो इथे येऊन मिळत नाही, आणि मूळ परवाना सोबत असल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. पाहुण्याच्या परवान्याबाबत प्रत्येक राज्याचा नियम थोडा वेगळा असतो, त्यामुळे ज्या ज्या राज्यांतून जायचे त्यांचे नियम आधी पाहावेत. व्हिसावर असलेल्यांनी पासपोर्ट आणि आय-९४ या आगमनाच्या सरकारी नोंदीची प्रत गाडीत ठेवावी.

भाड्याच्या गाडीचा करार सही करण्यापूर्वी एका कलमासाठी वाचावा: बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते, आणि तिथे काही बिघडले तर विमा लागू होत नाही. गाडी ताब्यात घेताना स्टेपनी आहे का हे डिकी उघडून पाहावे. हल्ली पुष्कळ गाड्यांत स्टेपनीऐवजी हवा भरण्याचा लहान पंप आणि चिकट द्रवाची बाटली दिलेली असते, आणि फाटलेल्या टायरवर तिचा काही उपयोग होत नाही. वायपर नवे असावेत, आणि काच धुण्याची टाकी भरलेली असावी. संध्याकाळी काचेवर किड्यांचा असा थर बसतो की साध्या पाण्याने तो फक्त पसरतो.

चौथी पायरी: इंधन, पाणी, शिधा

इथे पेट्रोलला गॅस म्हणतात. पंपावर कार्ड घातल्यावर यंत्र पिनकोड विचारते, आणि भारतीय कार्ड तिथे अडते. अशा वेळी आत जाऊन पंपाचा क्रमांक सांगावा आणि आगाऊ पैसे भरावेत. मक्याच्या राज्यांत इथेनॉल मिसळलेले इंधन सर्रास मिळते. ई८५ हे स्वस्त दिसणारे इंधन, ज्याच्या नळीला बहुधा पिवळी मूठ असते, ते केवळ जास्त इथेनॉल चालणाऱ्या फ्लेक्स फ्युएल गाड्यांसाठी असते. डिझेलची मूठ बहुधा हिरवी असते. साउथ डकोटाच्या पश्चिम भागात ८५ ऑक्टेनचे इंधनही विकले जाते. गाडीच्या पुस्तिकेत ८७ लिहिले असेल तर थोडे जास्त पैसे देऊन ८७ च भरावे. टाकी अर्धी झाली की भरावी, हा नियम शहरात भित्रेपणाचा वाटतो, पण सँडहिल्समध्ये पुढचा पंप चाळीस मैलांवर असू शकतो आणि तो संध्याकाळी बंदही असू शकतो. विजेवरची गाडी असेल तर इंटरस्टेटवर अडचण येत नाही. नेब्रास्काच्या आतल्या रस्त्यांवर मात्र चार्जिंगची जागा आधी नक्की केल्याशिवाय शिरू नये.

माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, पाणी धरावे. शाकाहारी माणसाची मोठ्या गावांत सोय होते, लहान गावांत तळलेले बटाटे आणि चीजवर भागवावे लागते. मेक्सिकन हॉटेलातल्या शिजवून घोटलेल्या राजम्यात कधीकधी डुकराची चरबी असते, म्हणून विचारून घ्यावे. आमच्या घरी या प्रवासासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट असते, शिवाय तांदूळ आणि विजेचा छोटा कुकर. मोटेलच्या खोलीत भात शिजवायला सहसा कोणी हरकत घेत नाही, फोडणी मात्र करू नये. एका गावात आम्ही जिरे-मोहरीचा मोह आवरला नाही, आणि पुढच्या मिनिटाला धुराचा भोंगा वाजून तीन खोल्यांतली माणसे अनवाणी अंगणात उभी होती. काउंटरवरच्या गुजराती काकू आल्या, वास घेतला आणि न रागावता म्हणाल्या की पुढच्या वेळी त्यांच्या स्वयंपाकघरात करावी.

पाचवी पायरी: रस्ता वाचणे

इंटरस्टेटचा क्रमांक सम असेल तर तो पूर्व-पश्चिम, विषम असेल तर दक्षिण-उत्तर. बहुतेक राज्यांत मैलांचे आणि एक्झिटचे आकडे पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या सीमेपासून मोजतात, म्हणजे साउथ डकोटात एक्झिट १३१ वर आपण पश्चिम सीमेपासून १३१ मैलांवर असतो. मदतीसाठी ९११ ला फोन केल्यावर सर्वांत आधी हाच मैलाचा आकडा सांगावा. आतले रस्ते त्याहून सोपे आहेत. सरकारी मोजणीने ही जमीन एक मैल बाय एक मैल अशा चौकोनांत आखली. एका चौकोनात ६४० एकर, आणि १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्याला त्याचा चौथा हिस्सा, १६० एकर, मिळे. आजही मोजणीच्या या रेषांवर पुष्कळ ठिकाणी मैला-मैलाला काटकोनात रस्ते आहेत, त्यामुळे मोबाइलला रेंज नसताना वळणे मोजत परत फिरता येते. तरीही नकाशे फोनमध्ये उतरवून घ्यावेत आणि एक छापील रोड ॲटलास जवळ ठेवावा.

वेगमर्यादा साउथ डकोटाच्या इंटरस्टेटवर ताशी ८० मैल, म्हणजे जवळपास १२९ किलोमीटर आहे. दोनपदरी रस्त्यावर गाव जवळ आले की ती पाव मैलाच्या आत निम्म्यावर येते, आणि नवख्या माणसाला दंड होतो तो बहुधा इथेच. पोलिसांची गाडी मागे दिवे लावून आली तर उजवीकडे थांबावे, काच खाली करावी, हात स्टिअरिंगवर ठेवावेत आणि सांगितल्याशिवाय खाली उतरू नये किंवा कागदांसाठी कप्पा उघडू नये. आपल्याकडे उतरून साहेबांकडे चालत जाणे हा शिष्टाचार आहे, इथे तो धोक्याचा ठरतो. कडेला पोलिसांची किंवा रुग्णवाहिकेची गाडी उभी असेल तर शक्य तिथे एक पदर सोडून जाणे कायद्याने बंधनकारक आहे. संध्याकाळी हरणे रस्त्यावर येतात, म्हणून सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा.

समोरून येणाऱ्या पिकअपचा चालक स्टिअरिंगवरची एक-दोन बोटे उचलतो. तो नमस्कार आहे. आपणही बोट उचलावे.

सहावी पायरी: हायवे २ आणि सँडहिल्स

हा या प्रवासातला माझा सर्वांत आवडता टप्पा आहे. ग्रँड आयलंड ते अलायन्स हा नेब्रास्काचा हायवे २ सुमारे २७२ मैलांचा आहे. त्याला दोन दिवस द्यावेत, मुक्काम थेडफर्ड किंवा ब्रोकन बो इथे करावा. ॲन्सेल्मो आणि डनिंग या गावांच्या दरम्यान शंभरावा पश्चिम रेखांश आपण नकळत ओलांडतो. जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७८ च्या अहवालात साधारण याच रेषेच्या पश्चिमेला पावसावरची शेती भरवशाची नाही असे बजावले होते. वर्षाला वीस इंच पाऊस, म्हणजे आपल्या माणदेशाइतकाच. पण या कोरड्या प्रदेशातल्या टेकड्या हिरव्या दिसतात. त्या मुळात वाळूच्या आहेत, पश्चिम गोलार्धातला वाळूच्या टेकड्यांचा सर्वांत मोठा समूह, आणि गवताच्या मुळांनी त्या जागच्या जागी धरून ठेवल्या आहेत. पडलेला पाऊस वाळूतून खाली ओगलाला या विशाल भूजलसाठ्यात झिरपतो आणि झऱ्यांवाटे मिडल लूप नदीत येतो, त्यामुळे ही नदी ऐन उन्हाळ्यातही आटत नाही. तिच्यात गुरांना पाणी पाजण्याच्या गोल पत्र्याच्या टाकीत बसून वाहत जाण्याचा स्थानिक खेळ आहे, त्याला टँकिंग म्हणतात. टाकी गोल असल्यामुळे ती गरगर फिरत जाते, आणि चाळिशी उलटलेल्यांनी पोट रिकामे ठेवून बसावे.

हॅल्सीजवळ १९०३ पासून माणसांनी हाताने लावलेले पाइनचे जंगल आहे. तिथे एका बाजूला झाडे आणि दुसऱ्या बाजूला नुसते गवत असे दृश्य दिसते. रस्त्याला समांतर रेल्वेमार्ग आहे, आणि वायोमिंगचा कोळसा नेणाऱ्या मैलभर लांबीच्या मालगाड्या बराच वेळ सोबत करतात. थेडफर्ड सोडल्यावर घड्याळ एक तास मागे जाते, हे मोटेलवाल्याला पोहोचण्याची वेळ सांगताना ध्यानात ठेवावे. अलायन्समध्ये जुन्या मोटारी उभ्या पुरून केलेले कारहेंज आहे. मुलांना ते आवडते, मला दहा मिनिटे पुरली.

सातवी पायरी: आकाश

नवख्या माणसाची सर्वांत मोठी उणीव ही असते की आपण कोणत्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहोत हे त्याला ठाऊक नसते. हवामान खात्याचे इशारे काउंटीच्या नावाने दिले जातात. म्हणून रस्त्यावरची काउंटीची पाटी वाचायची आणि मोठ्याने उच्चारायची हे काम शेजारी बसणाऱ्याकडे सोपवावे. वॉच याचा अर्थ वादळाला अनुकूल स्थिती आहे. वॉर्निंग याचा अर्थ ते दिसले आहे किंवा रडारवर आले आहे. वॉच असताना पुढचे मोठे गाव कोठे आहे ते पाहून ठेवावे. वॉर्निंग आल्यावर पक्क्या इमारतीत शिरावे, तळमजल्यावरच्या खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत बसावे; पेट्रोल पंपाच्या दुकानाचे स्वच्छतागृहही चालते आणि तिथली माणसे स्वतःच बोलावतात. पुलाखाली मुळीच थांबू नये, कारण तिथे वारा अधिक जोराने घुसतो आणि रस्ताही अडतो. इमारत गाठणे अशक्य झाले तर पट्टा बांधलेल्या स्थितीत खिडकीच्या खाली डोके झाकून वाकावे, किंवा रस्त्यापेक्षा बरीच खोल जागा जवळ असेल तर तिथे पालथे पडावे. वादळ नुसते पाहण्यासाठी गाडी थांबवण्याचा मोह पहिल्या वर्षी सर्वांनाच होतो. तो आवरावा.

आठवी पायरी: बॅडलँड्स, बायसन आणि पाऊलवाटा

अलायन्सहून चॅड्रनमार्गे उत्तरेला गेल्यास पाइन रिज या ओग्लाला लकोटा मूळनिवासी जमातीच्या राखीव प्रदेशातून जाता येते. २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी इथे सैन्याने लकोटा स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल केली, ती जागा याच वाटेजवळ आहे. तिथे जायचे तर शांतपणे जावे, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि हस्तकला विकणारे भेटले तर घासाघीस करू नये. बॅडलँड्स हे नावही लकोटांच्या माको सिका, म्हणजे वाईट भूमी, यावरून आले आहे.

राष्ट्रीय उद्यानांच्या वार्षिक पासाचे दर २०२६ पासून अमेरिकेतील रहिवासी आणि परदेशी पाहुणे यांच्यासाठी वेगवेगळे आहेत, त्यामुळे आईवडिलांच्या नावाने पास काढण्यापूर्वी हिशेब करावा. एकाच उद्यानात जायचे असेल तर गाडीचे शुल्क भरणे स्वस्त पडते. उद्यानातला सेज क्रीक रिम हा खडीचा रस्ता बायसन आणि प्रेअरी डॉग (बिळांत राहणाऱ्या खारी) पाहण्यासाठी उत्तम आहे, पण पावसानंतर त्यावर जाऊ नये. इथली चिकणमाती ओली झाली की चाकाला लाडवासारखी वळते. आमची गाडी तिथे तासभर अडकली, आणि एका शेतकऱ्याने ती साखळीने ओढून काढेपर्यंत एकही दुसरे वाहन दिसले नाही.

बायसन गायीसारखा संथ दिसतो आणि ताशी पस्तीस मैलांनी धावतो. निदान शंभर यार्ड अंतर ठेवावे, आणि त्याने शेपूट वर उचलली तर फोटो सोडून मागे यावे. प्रेअरी डॉगला शेंगदाणे घालू नयेत. त्यांच्या पिसवांतून प्लेग पसरू शकतो. पश्चिम भागात फुरसे-घोणसाच्या गोत्रातले रॅटलस्नेक असतात, म्हणून दगडाच्या फटीत हात घालू नये. उंच गवतात गोचिडी असतात: पँटचे पाय मोज्यांत खोचावेत, आणि रात्री मुलांच्या कानामागे व काखेत तपासावे. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नये, कारण खालचा तापलेला सायलेन्सर वणवा पेटवू शकतो.

परतीची वाट इंटरस्टेट ९० ने सुमारे साडेआठशे मैलांची. एक्झिट १३१ जवळ शीतयुद्धातील मिनिटमन क्षेपणास्त्रांचे संग्रहालय आहे, मिचेलमध्ये दरवर्षी कणसांनी नव्याने सजवला जाणारा कॉर्न पॅलेस आहे, आणि चेंबरलेनला मिसूरी नदी ओलांडताना विश्रांतीच्या जागी उतरून मागे वळून पाहावे, कारण पश्चिमेचा चराईचा मुलूख आणि पूर्वेची शेती यांची सीमा तिथे एका नजरेत येते. त्यापुढे मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन उरकायला हरकत नाही. इलिनॉयमध्ये शिरल्यावर ९० वर टोल लागतो आणि तिथे रोख घेणारा माणूस नसतो; गाडी भाड्याची असेल तर घरी पोहोचलेल्या रात्रीच टोल ऑनलाइन भरून टाकावा, नाहीतर भाडेकंपनी तो आपल्या वतीने भरते आणि वर तिचे शुल्क लावते. गाडी परत करण्याआधी समोरच्या काचेवरचे किडे धुऊन खडीने पडलेला टवका आहे का ते उजेडात पाहावे, आणि असेल तर त्याचा फोटो काढून ठेवावा.